मैनासाठी मास्तर

अकरा लग्नं जुळवलीत मी आजवर. अकराच्या अकरा टिकली. एकही पोरगी ट्रंक उचलून माहेरी आली नाही, आणि आली असती तर तिच्या आईने आधी माझंच दार वाजवलं असतं. इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत कुणालाही विचारा, सुमनबाई दोंदे रेल्वेच्या दवाखान्यात आया आहे हे मागाहून सांगतील. स्थळं बघते ती, हे आधी सांगतील.

माझी पद्धत ठरलेली. मुलाकडच्यांनी बोलावलं म्हणून जाऊन सतरंजीवर बसायचं आणि पुढ्यातली बशी रिकामी करून यायचं, याला बघणं म्हणत नाहीत. आधी त्यांच्या गल्लीत जायचं. पिठाच्या गिरणीवर चौकशी करायची, कारण घरात किती तोंडं जेवतात ते गिरणीवाल्याला पक्कं ठाऊक असतं. मग शेजारीण. मग दारातल्या चपला बघायच्या, किती आहेत आणि कशा ठेवल्यात. आणि त्या घरात आधी दिलेली सून चहा घेऊन आली की चहाकडे बघायचं नाही, तिच्या तोंडाकडे बघायचं. एवढं झालं की मुलगा नाही बघितला तरी चालतो.

एक्क्याऐंशी सालच्या जूनमध्ये माझ्या भावाने ही सगळी विद्या भलत्याच कामाला लावली.

भाऊ म्हणजे धोंडीराम गांगुर्डे, रेल्वेत गँगमन. त्याची बायको गेली तेव्हा मैना सहा वर्षांची होती. आमच्यात दोन दारांचं अंतर, त्यामुळे पोरगी माझ्याच हाताखाली वाढली. तिला न्हाऊ घातलं मी, पाटी धरायला शिकवली मी, आणि टाळूवर तेलही मीच थापलं. पळायला मात्र मी शिकवलं नाही. धोंडीरामची गँग आज या बोगद्यापाशी तर उद्या त्या पुलापाशी. बापाची भाकरी तिथे पोचवायची आणि शाळेची घंटा व्हायच्या आत परत यायचं, म्हणून पोरगी रुळाच्या कडेकडेने पळत जायची नि पळत यायची. पुढे शाळेच्या सरांनी तिला ग्राउंडवर उतरवलं आणि बारावीच्या वर्षी ती पंधराशे मीटरमध्ये राज्यात तिसरी आली. तिला दुकानातून काडेपेटी आणायला सांगा, पळतच जाणार. चालताना तिला आमच्या कॉलनीत कुणी बघितलंच नव्हतं म्हणा ना.

बारावीचा निकाल लागला आणि घरात तीन पत्रं जमली. दोन नाशिकच्या दोन कॉलेजांच्या कोचची, मुलीला आमच्याकडे पाठवा म्हणून. तिसरं नांदगावचं. ते स्थळ मीच आणलेलं. मुलगा तहसील कचेरीत कारकून, स्वतःचं दोन खोल्यांचं घर, एकुलती एक बहीण लग्न होऊन गेलेली. मैनाला अठरा पूर्ण झालेली होती. नांदगावकरांनी एवढंच विचारलं होतं की पोरगी मैदानावर पळते असं ऐकलं, ते खरं का. मी म्हटलं, शाळेत असताना पळायची थोडी, आता तो नाद सुटलाय. स्थळ जुळवताना एवढं इकडचं तिकडे करावंच लागतं. त्यांना जूनअखेर उत्तर हवं होतं.

धोंडीरामने तिन्ही पत्रं माझ्या पुढ्यात टाकली. "मला यातलं काय कळत नाय," तो म्हणाला. "तू मास्तर बघून ये. चांगला निघाला तर पोरगी कॉलेजात जाईल, पळंल. नाय निघाला तर नांदगाव. तुझा शब्द शेवटचा."

मैना चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि परत परातीत बघायला लागली. मी तरी खोटं कशाला बोलू, मनातून मला नांदगावच हवं होतं. पळून पळून पोरीची जात किती पळणार, आणि परक्या गावात परक्या माणसाच्या शिट्टीवर. पण एकदा बघायला निघाले की मी बघते ते नीटच बघते. तिथे मी माझ्या सख्ख्या भावाचीही भीड ठेवत नाही.

सकाळच्या पॅसेंजरने आम्ही दोघी निघालो. इगतपुरीत छत्रीशिवाय दाराबाहेर पाय टाकता येत नव्हता आणि नाशकात असं चरचरीत ऊन, की दिवसभर ती छत्री काखोटीला मारून मी नुसती वागवली. मैनाने नवा पंजाबी ड्रेस घातला होता आणि पायात ते शाळेपासूनचे कॅनव्हासचे बूट. नाशिकरोडचा पूल उतरताना ती कठडा धरून मागे मागे रेंगाळत होती. मला वाटलं, फुगलीय नांदगाववरून.

पहिलं कॉलेज मोठं. कॉलेज अजून उघडायचं होतं, पण वाल्मीक बोरस्ते सरांचा उन्हाळी कॅम्प चालू होता. माणूस उमदा. पांढरा ट्रॅकसूट, गळ्यात स्टॉपवॉच, बोलणं आर्जवी. मला खुर्ची दिली, चहा मागवला, भज्यांची प्लेट मागवली. पाठीमागे काचेचं कपाट, त्यात कप आणि ढाली इतक्या की खालच्या खणात आडव्या घातलेल्या. फी माफ, हॉस्टेल फुकट, काट्यांचे बूट आणि ब्लेझर कॉलेजकडून. ऑगस्टमध्येच हिला पहिल्या शर्यतीत उतरवू, म्हणाले, आणि दोन वर्षांत ऑल इंडिया. मग मैनाला दोन फेऱ्या पळवलं आणि ते घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण सरांचा चेहरा उजळला होता त्यावरून बरं असावं. मैना बुटाची नाडी बांधायला म्हणून कडेला बसली ती बराच वेळ उठली नाही. मला वाटलं, कौतुकाने लाजली असेल.

मी म्हटलं, सर, तुमच्याकडे आधी आलेल्या मुली दाखवा. सरांनी आनंदाने दाखवल्या. आठजणी होत्या, तरतरीत, सगळ्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या वर्षाच्या. मी विचारलं, तिसऱ्या वर्षाच्या कुठे गेल्या? सर म्हणाले, आहे ना एक. ती बाकावर बसली होती, गुडघ्याला क्रेप बँडेज, मांडीवर वही. दुसऱ्यांच्या वेळा लिहून घेत होती. सिंधू तिचं नाव. सर जरा लांब गेल्यावर मी तिच्याशेजारी टेकले. दवाखान्यात वीस वर्षं काढलेली बाई मी, गुडघ्याची चौकशी करत करत सगळं काढून घेतलं. सर वाईट नाहीत, म्हणाली. कधी रागवत नाहीत. दुखतंय म्हटलं की म्हणतात, ठीक आहे, तू नोंदी घे. मग तिच्या जागेवर दुसरी पळते. दीड वर्ष झालं ती नोंदी घेत होती. तिच्या आधीची घरी गेली होती आणि तिच्याही आधीचीची कुणाला आठवण नव्हती.

बाहेर आल्यावर मी मैनाला म्हटलं, हे घर नको. इथे सून आजारी पडली की दुसरी आणतात. मैना मान हलवून हो म्हणाली. एवढ्या पटकन म्हणाली की मलाच नवल वाटलं.

दुसरा मास्तर नाशिकरोडचा, छोट्या कॉलेजातला. भिकन पगारे. त्याच्या पत्रावर घरचाच पत्ता होता, जेल रोडच्या बाजूची एक चाळ. तिथे पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. नेहमीप्रमाणे मी आधी गिरणी शोधली. गिरणीवाला सावळीराम, भुवयांपर्यंत पीठ. मी त्याला माझे नेहमीचे प्रश्न घातले. पगारे मास्तर माणूस कसा, काही व्यसन वगैरे, संध्याकाळी घरी किती वाजता येतो, आई स्वभावाला कशी, घरात माणसं किती. सावळीरामने माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे उभ्या मैनाकडे बघितलं आणि चालू गिरणी बंद केली. मला स्टूल दिलं पुसून. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

सोनं आहे हो, तो म्हणाला. सुपारीचं खांडसुद्धा नाही. घरात दोनच माणसं, तो आणि म्हातारी. मी म्हटलं, ग्राउंडवर बराच वेळ जात असेल ना. तर सावळीराम दोन्ही हात हलवत म्हणाला, "छे छे, शाळेत कॉलेजात असताना होतं ते. आता तो नाद सुटलाय."

मी चमकले. शेजारच्या फुलाबाईंकडे गेले. त्यांनी तर माझा हात धरून मला आत बसवलं. भिकन म्हणजे गाय, म्हणाल्या. सकाळी सातशिवाय उठत नाही, दिवेलागणीला घरात. पोरंबिरं, शिष्यबिष्य? अजिबात नाही, चिटपाखरू येत नाही घरी. बँकेत अर्ज केलाय ना त्याने, आज ना उद्या कॉलेज सोडणार. मध्येच त्या गूळ आणते म्हणून उठल्या आणि मागच्या दाराने कुठेतरी जाऊन आल्या. गूळ काही आणला नाही.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? कोच म्हणून पत्र पाठवतो, आणि सातला उठतो, आणि ग्राउंडचा कंटाळा, आणि नजर बँकेवर. मी रस्त्यात उभी राहिले आणि मैनाला सरळ सांगितलं की हा मास्तर वर्षभरात पळ काढणार, तुला मी कुणाच्या भरवशावर ठेवू? दोघेही बघितले, दोघेही नीट बघितले. आता नांदगावचं पत्र लिहायला मी मोकळी. मैना आपल्या बुटांकडे बघत उभी राहिली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही, आणि त्याचाच मला राग आला. चल, म्हटलं, साडेपाचची गाडी मिळेल.

तेवढ्यात समोरच्या दारातून एक ठेंगणी बाई धडपडत बाहेर आली. इस्त्रीची घडी मोडलेली साडी, तोंड नुकतंच धुतलेलं. ही भिकनची आई, सुलाबाई. जय भीम घातला आणि माझ्या हातातली छत्रीच काढून घेतली. दारावरून अशा कशा जाता, म्हणाली, पोहे झालेत. बाई, छत्री गेली म्हटल्यावर मी तरी कुठे जाणार?

दारात पाय ठेवला आणि सवयीने खाली बघितलं. घरात दोन माणसं ना? तिथे बाकाखाली कॅनव्हासच्या बुटांचे बारा जोड. मी मोजले. काही पोरींचे, काही पोरांचे, फाटलेले, शिवलेले, एका जोडाला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. पण सगळे धुतलेले आणि टाचा जुळवून ओळीने ठेवलेले. मी सुलाबाईंना विचारलं, हे कुणाचे? तर त्या म्हणाल्या, भंगारवाल्याला द्यायचेत. भंगारवाल्याला द्यायचे बूट कुणी धुवून ठेवतं का? मैनाने आपले बूट त्या ओळीच्या शेवटी काढले आणि आम्ही आत बसलो.

पोहे आले. त्यामागून चहा घेऊन एक उंच काळीसावळी पोरगी आली. मी चहाकडे बघितलं नाही. पोरीचं तोंड कसं होतं सांगू, भर उन्हातून आलेली आणि तरी टवटवीत, स्वतःच्या घरात असावी तशी. ही कोण, मी विचारलं. भाची आहे माझी, सुलाबाई घाईघाईने म्हणाल्या. पोरगी गोंधळली. भाची कुठली, म्हणाली, मी भागी, सुरगाण्याची. सरांकडे तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत हॉस्टेल बंद असतं आणि घरी गेले की भाताची कामं लागतात, पळणं होत नाही, म्हणून मी आईंपाशी स्वयंपाकघरात झोपते. सुलाबाईंनी तिच्याकडे असे डोळे वटारले की ती रिकामा ट्रे घेऊन आत पळाली.

माझ्या डोक्यात काहीतरी टोचायला लागलं होतं. तोवर दारात भिकन पगारे उभा राहिला. तिशी ओलांडलेला, काटकुळा, गुडघ्यापर्यंत लाल धूळ, हातात मोजायची टेप. त्याने आम्हाला बघितलंच नाही. बाकाखालच्या ओळीतला शेवटचा जोड त्याला अनोळखी वाटला असावा. तो उकिडवा बसला, मैनाचे दोन्ही बूट उचलले आणि उलटे करून तळ बघायला लागला.

"अरे मुलगी बघ ना आधी," सुलाबाई म्हणाल्या. "बूट काय बघतोस मेल्या?"

त्याने ऐकलं नाही. उजव्या बुटाच्या पुढच्या भागावर अंगठा फिरवला, मग डाव्याची टाच बघितली, आणि तिथूनच विचारलं, "हे कुणाचे?" मैना उभी राहिली. तो म्हणाला, "उजवा पाय कधीपासून दुखतोय?"

मी म्हणणार होते की काहीतरीच काय, तिचा पाय कशाला दुखेल. पण मैनाच्या तोंडाकडे बघितलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. फेब्रुवारीपासून, ती म्हणाली. नडगीत. पळताना सहन होतं, उतरताना नाही.

नंतर त्याने मला ते बूट दाखवले. डावा टाचेत पार झिजलेला, उजव्याचा पुढचा भाग जवळजवळ कोरा. ही उजव्या पायावर भारच टाकत नाही, म्हणाला. चार महिने सगळं वजन डाव्यावर घेतेय. चपला बघत मी अकरा घरं पालथी घातली होती आणि हा जोड रोज माझ्याच दारात निघत होता.

मग मी त्याला सांगितलं, आम्ही इगतपुरीहून आलोय, मैना गांगुर्डे ही, तुमचं पत्र आलं होतं. मैनाचं नाव ऐकून तो खुलला. आणि सुलाबाईंचा चेहरा उतरला. त्या मटकन पाटावर बसल्या. "म्हणजे तुम्ही भिकनसाठी नाही आलात? फुलाबाई तर म्हणाली, मुलगी घेऊनच आलेत."

मी कपाळावर हात मारला. सावळीरामने गिरणी का बंद केली, स्टूल का पुसलं, सगळं एकदम कळलं. मी मास्तर बघायला आले होते, पण विचारलं होतं जावयाचं. आणि जावयाचं विचारलं की गल्लीतली माणसं काय करतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जुळत आलेलं मोडू नये म्हणून मुलाची खोड झाकतात. या मुलाची एकच खोड होती, ती त्यांनी झाकली. आता तो नाद सुटलाय. अगदी हेच वाक्य मी नांदगावला बोलले होते.

मी सुलाबाईंना विचारलं, मग बँक? कसली आलीय बँक, त्या म्हणाल्या, आणि त्यांचा जो बांध फुटला तो भिकनने दोनदा आई, आई म्हटलं तरी थांबेना. पहाटे साडेचारला हा घर सोडतो. आठला येतो तो चार पोरं घेऊनच येतो. पगार झाला की अर्धा अंड्यांत आणि दुधात. ते बूट सगळे त्याच्या पोरांचे, रविवारी बसून स्वतः शिवतो. गेल्या वर्षी एका पोरीचा पाय मोडला तर दीड महिना सायकलवर मागे बसवून तिला परीक्षेला नेलं नि आणलं. ती बरी होऊन परत पळायला लागली, आणि इकडे सातपूरची पार्टी बघायला आली तेव्हा हा कुठे, तर ग्राउंडवर. तीन स्थळं अशी परत गेली. याला कोण मुलगी देणार सांगा, त्या म्हणाल्या आणि पदराने नाक पुसलं.

अकरा लग्नांत मी शेकडो चौकशा केल्या. कुठल्याही माणसाची इतकी चोख ग्वाही मला कधी मिळाली नव्हती.

पण भिकन पगारेने मला हो म्हणायची संधीच दिली नाही. तो मैनासमोर बसला आणि त्याने तिला विचारलं, तुला किती वर्षं पळायचंय? किती वेगात नाही, कुठपर्यंत नाही, किती वर्षं. मैना विचार करून म्हणाली, पळता येईल तितकी. मग तो माझ्याकडे वळला.

"हिला मी दिवाळीपर्यंत पळवणार नाही. चालायचं, पोहायचं आणि पाय बरा करायचा. या वर्षी शर्यत नाही, कप नाही. फी माफ करायचं माझ्या हातात नाही. चालत असेल तर पाठवा, नाहीतर राग नाही."

चालतं का म्हणून विचारायला मी मैनाकडे वळले. आणि लक्षात आलं की अकरा पोरींपैकी एकीकडेही मी अशी वळले नव्हते. तिने मान हलवली. मग मी मास्तरला म्हटलं, ठीक आहे, वीस तारखेला सोडते हिला. सुलाबाईंना म्हटलं, छत्री द्या आता, आणि तुमच्या मुलाचं माझ्यावर सोडा. फक्त एक, या वेळी जे सांगायचं ते खरं सांगायचं. साडेचारपासून अंड्यांपर्यंत सगळं. तशी मुलगी मिळेल तेव्हा मिळेल.

गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. मी मैनाचा उजवा पाय माझ्या मांडीवर घेतला. ती नको नको म्हणाली, लोक बघतात म्हणाली. बघू दे. मी नडगीवरून अंगठा खाली आणत गेले आणि एका ठिकाणी ती दचकली. दवाखान्यात दिवसभर परक्यांचे पाय चोळते मी. कुणाचा चेहरा कधी आंबट होतो ते डॉक्टरच्या आधी मला कळतं. आणि माझ्या घरातली पोर चार महिने कठडा धरून उतरत होती, आणि मला वाटत होतं की फुगलीय.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बरंच झालं, सुटला नाद. आणि मला नांदगावला पाठवलं असतंस."

खरं होतं. मी अगदी तेच म्हणाले असते. दुखणाऱ्या पायावर चार महिने पळत राहिली पोरगी, आणि ती काही शर्यतीला भीत नव्हती. मला भीत होती. घोटी येईपर्यंत मी तिचा पाय मांडीवरून खाली ठेवला नाही. रडले थोडी, पदर होता तोंडावर.

घरी पोचलो तर धोंडीराम दारातच उभा. कसा हाय मास्तर, म्हणाला, पसंत पडला का? मी म्हटलं, आपण कोण पसंत करणारे, त्याने आपली पोरगी घेतली हेच पुष्कळ. आणि मग पायाचं सांगितलं. तो कितीतरी वेळ तिच्या बुटांचे तळ हातात घेऊन बसला होता. रोज रूळ तपासणारा माणूस तो, त्याला दाखवावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदगावला कार्ड लिहिलं. एरवी अशा वेळी पत्रिका जुळत नाही, घरात सुतक आहे, मोठ्या काकांचा विचार वेगळा पडला, असं काहीबाही लिहायची पद्धत आहे. मी लिहिलं, तुमच्या मुलात काही दोष नाही. आमच्या मुलीतही नाही. तिला पळायचा नाद आहे आणि तो सुटलेला नाही. सुटलाय असं मी सांगितलं, ते खोटं होतं. त्याची माफी असावी. खाली सही केली, सुमन दोंदे.

कार्ड टाकायला पोस्टाची पेटी कॉलनीच्या टोकाला. मैनाने ते माझ्या हातातून घेतलं आणि सवयीने उंबऱ्यावरून उडी मारायला पाय उचलला.

"चालत," मी म्हटलं.

ती थांबली. हसली. आणि अख्ख्या कॉलनीदेखत, एकेक पाऊल टाकत, चालत गेली.